सावकाश वाढणारा जोडधंदा

जोडधंद्यात भांडवलाइतकेच महत्त्व वाढीच्या गतीला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच ‘लिज्जत’ पापडाचा उद्योग उभा राहिला. देणगी घ्यायची नाही, हा नियम त्यांनी सुरुवातीपासून पाळला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद राहिले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवला गेला. एवढ्या सावकाशीने चालले तर मोठ्या भांडवलाचा धंदा पुढे निघून जाईल, असा आक्षेप घेतला जातो. यंत्रावर निघणाऱ्या मालाबाबत तो खराही असेल. पण इथे कसब घरोघरी होते आणि पसारा लहान असल्याने अडचणही पेलण्याएवढीच होती. म्हणून कर्ज थोडे घ्यावे आणि चूक परवडेल एवढेच पाऊल टाकावे.