ठरलं, पण लिहिलं कुठे?

सभा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्यापुढे येते आमच्या जळगावच्या सोसायटीची गच्ची. उन्हं उतरल्यावर अंथरलेली सतरंजी, पुढे खुर्च्यांवर पुरुषमंडळी आणि मागच्या टोकाला, जिन्याच्या दाराशी आम्ही बायका. दाराशी अशासाठी, की चहा आणायला उठणं सोयीचं!

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात अशीच सभा भरली. विषय पाण्याचा. सकाळी तासभर मोटार चालायची, दुपारपर्यंत वरची टाकी कोरडी. जळगावचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू? खालच्या हौदातून तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या चढवायच्या त्या आम्हीच. म्हणून मागूनच आम्ही म्हटलं, "दुपारी चारलाही अर्धा तास मोटार लावा." कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, सभा संपली.

आठ-दहा दिवस मोटार लागली, मग बंद झाली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "असं कधी ठरलं? रजिस्टरात दाखवा." रजिस्टर उघडलं. रंगकामाचं लिहिलेलं, पार्किंगचं लिहिलेलं. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या जिजी भरली बादली घेऊन जिन्यात घसरल्या. मनगट मोडलं. कळण्याच्या भाकरी थापणारा तो हात सहा आठवडे गळ्यात बांधलेला!

दोष फक्त लिहिणाऱ्याचा म्हणू का? अर्धा आमचाही होताच. ठरलेलं लिहिलं की नाही, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

खरं तर आपल्या खानदेशाला सभा नवीन नाही. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्याच फैजपूरचं, डिसेंबर १९३६ मधलं. अध्यक्ष होते पंडित नेहरू. पण मला अधिक जवळची वाटते ती शहाद्याच्या बायकांची गोष्ट. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यातला तालुका होता. तिथे १९७२ साली आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनीचे आणि मजुरीचे प्रश्न घेऊन. तिच्या शिबिरांतून बायका एकत्र बसून बोलू लागल्या, तेव्हा मजुरीबरोबर आणखीही काही बाहेर आलं : दारू आणि घरातली मारहाण. जिला तिला वाटत होतं, हे आपल्याच नशिबी आलंय. बोलल्यावर कळलं, घरोघरी तेच. मग त्या एकजुटीने निघाल्या, दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. पुष्कळजणींना अक्षरओळखही नव्हती. पण आधी आपसांत बोलायचं आणि मग मिळून पुढे जायचं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आम्हीही तेच केलं. वार्षिक सभेच्या पंधरवडाभर आधी जिजींच्या घरी जमलो. जिजी म्हणाल्या, "आम्हाले काय कयतं त्यातलं!" मी म्हटलं, "जिजी, बादली किती जड असते ते तुमच्याइतकं कुणाला कळतं?" त्या हसल्या आणि मग तासभर त्याच बोलल्या.

तेवढ्यात एकीने विचारलं, "पण सभेत आपल्याला मत तरी आहे का?" मी चमकलेच. घर ह्यांच्या नावावर. म्हणजे सभासद हे, मी नव्हे! इतकी वर्षं मी नुसतीच सतरंजीवर बसत होते. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, मला कधी सुचलंच नाही." तुम्हीही आज घरी एवढं विचारून घ्या. भाग दाखल्यावर नवऱ्यासोबत तुमचं नाव असेल तर तुम्ही संयुक्त सभासद. नाव नसेल, तरी सभासदाच्या लेखी संमतीने पत्नीला सहयोगी सभासद होता येतं आणि त्याच्या गैरहजेरीत सभेत भाग घेऊन मत देता येतं. व्यवस्थापक समितीतही स्त्रियांसाठी २ जागा राखीव असतात. त्या नावापुरत्या भरू देऊ नका.

माझा अर्ज मंजूर झाला. सभेच्या दिवशी हे मुद्दाम घरी थांबले. चहासुद्धा त्यांनीच वर पाठवला! आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. मी मोटारीचा ठराव मांडला, शेजारणीने अनुमोदन दिलं, आणि सभा संपायच्या आत मी उभी राहून म्हटलं, "काय लिहिलंत, तेवढं वाचून दाखवा." क्षणभर शांतता. मग वाचून दाखवलं. आता चारला मोटार लागते. कधी उशीर झालाच तर जिजी खाली जाऊन रजिस्टराचं पान सांगतात!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेआधी एवढं करून पाहा :

१. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि तिची सूचना १४ दिवस आधी मिळायला हवी. आपला विषय त्याआधीच लेखी द्या आणि पोच घ्या.

२. आधी आपसांत बसा. एका सभेला एकच मागणी न्या. कोण मांडणार, कोण अनुमोदन देणार, ते ठरवून ठेवा.

३. बोलताना मागची उणीदुणी काढू नका. काय हवं, कधीपासून हवं आणि ते कोण करणार, एवढंच सांगा.

४. उठण्यापूर्वी ठराव वाचून घ्या. पुढे इतिवृत्ताची प्रत आली की त्यात आपला विषय आहे ना, ते पाहा.

तुमचं सासर किंवा माहेर खेड्यात असेल तर तिथल्या जावांना आणि वहिनींनाही सांगा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. ती नुसती सह्यांपुरती होते की खरोखर भरते, हे जाणाऱ्या बायकांवरच अवलंबून आहे.

वाण्याकडची उधारी आपण वहीत लिहून घेतो, दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतो. दोन रुपयांचा हिशेब चुकू न देणाऱ्या आपण. मग चार माणसांत मिळालेला शब्दच तेवढा तोंडी का ठेवायचा?