आत एक, शिक्षा घराला



जंगलाच्या केसमध्ये माणूस आत जातो. कागदावर आरोपी एकच. पण शिक्षा भोगते घरची बाई आणि पोरगी. बाईची मजुरी तारखांत नि एसटीच्या भाड्यात जाते. धाकट्यांना सांभाळायला थोरली पोर आश्रमशाळेतून घरी येते, ती परत जात नाही. वकिलासाठी भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला मायलेकी कोळसाभट्टीवर! ही शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली?

जामिनाचं बघा. जामीनदाराचा सातबारा आणा म्हणतात. अहो, आमच्या वाडीत सातबारा असता तर अतिक्रमणाची केस झाली असती का? जमीन नावावर नाही म्हणून गुन्हा, आणि त्याच कारणाने जामीनही नाही! 1978 सालीच मोतीरामच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गरिबाला झेपणार नाही असा जामीन मागू नका. जातमुचलक्यावरही सोडता येतं.

आणि बाईलाच उचललं तर? 1982 साली पत्रकार शीला बर्से मुंबईच्या जेलात पंधरा बायकांना भेटल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. 1983 साली सुप्रीम कोर्टाने हुकूम दिला: बायकांची कोठडी वेगळी, पहाऱ्याला बाई पोलीस, चौकशीही बाई पोलिसासमोरच. हुकूम कागदावर राहू द्यायचा नसेल तर तो आपल्याला पाठ पाहिजे.

मुळशीला जेल नवं नाही. 1921 साली टाटाच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसंगं इथलेच मावळे जेलात गेले. आम्ही जेलला भीत नाही. पण मागं राहिलेल्या बायापोरींना वाऱ्यावर सोडलं तर लढा टिकत नाही. सरकारला तेच पाहिजे.

म्हणून वाडीवाडीत ठरवा:

1. बाई, आदिवासी, अटकेतला माणूस, तिघांनाही 1987 च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. तो मागा. उचल घेऊ नका.

2. 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. दाव्यात बाईचं नाव घालाच. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणाला हटवता येत नाही.

3. रात्री बाईला न्यायला आले तर सारी वाडी उभी राहा. महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी विचारा.

4. ज्याचं माणूस आत, त्याच्या शेताची लावणी गावाने करायची. पोरीची शाळा सुटता कामा नये.

जंगल जमीन आमच्या हक्काची! बाईचं नाव पट्ट्यावर, पोरगी शाळेत!