वाचा परत यावी ती आपल्या भाषेत



अंगावरून वारे गेलेला माणूस हुबळी-धारवाडच्या दवाखान्यातून जिवंत परत आला की आपण देवाचे आभार मानतो. खरी लढाई मात्र घरी आल्यावर सुरू होते. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पुढच्या सहा महिन्यांचे काय, हे कोणी विचारत नाही.

"घरचे आहेत ना, करतील," असे आपण म्हणतो. याच प्रश्नावर आपल्या देशात 'अटेंड' नावाचा मोठा अभ्यास झाला. १४ रुग्णालये, १२५० रुग्ण. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम व देखभाल शिकवण्यात आली. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. घरच्यांची माया वाया जाते असा याचा अर्थ नव्हे. पण थोडेसे शिकवून सगळा भार सुनेवर किंवा बायकोवर टाकला, तर तेवढ्याने भागत नाही, हे स्पष्ट आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की अनेकांची वाचा जाते. याला वाचाघात म्हणतात. अळणावरचा मराठी माणूस घरी मराठी व बाजारात कन्नड बोलतो. झटक्यानंतर दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असे नाही. एकाच भाषेत तपासले आणि रुग्ण गप्प राहिला, तर त्याला काही कळत नाही असा शेरा बसतो. घरच्या भाषेत विचारले असते तर कदाचित त्याने मान हलवली असती.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची विचारशक्ती झटक्यानंतरही शाबूत होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होते. वाचा जाण्याचे प्रमाण मात्र दोन्हींकडे सारखेच. म्हणजे कन्नड शिकल्याने आपले काही बिघडले नाही, झाला तर फायदाच. म्हणून आमची मागणी कन्नडविरोधी नाही. ती रुग्णाच्या बाजूची आहे.

अळणावर आता स्वतंत्र तालुका आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवरही टाकली आहे. म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. एक, तालुक्यातच ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट व वाचा-उपचारतज्ज्ञ मिळावेत. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून असे तज्ज्ञ घडवते आहे. दोन, वाचेची तपासणी रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावी, गरज पडल्यास दुभाषी द्यावा. तीन, घरी करायच्या व्यायामाची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही असावीत.

आपल्यावरही जबाबदारी आहे. निवृत्त शिक्षकांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने शब्दांचा सराव घ्यायला पुढे यावे. आणि मते मागायला जो कोणी दारात येईल, त्याला रस्ते-गटारांबरोबर हाही प्रश्न विचारावा. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांच्या वतीने आपणच बोलायचे आहे.