'फक्त' अर्थ लावला म्हणे!

परवा लंचला एका मित्रानं तेच जुनं वाक्य फेकलं. "अरे, अणू फुटतो हा शोध ओटो हानचा. लिझे माइटनरनं नंतर फक्त अर्थ लावला." फक्त म्हणे! डोकंच फिरलं माझं. डबा तसाच राहिला.

मंडळी, जरा पत्रं बघा ना. जुलै १९३८ मध्ये माइटनर बर्लिनहून अक्षरशः पळाली. ज्यू कुटुंबातली, ऑस्ट्रियन पासपोर्ट निकामी झालेला, हानबरोबरचं तीस वर्षांचं काम मागे टाकून शेवटी स्वीडन. मग पत्रांची ये-जा सुरू झाली. तिचं अडकलेलं पेन्शन, बर्लिनला राहिलेलं फर्निचर, आणि त्याच पत्रव्यवहारात युरेनियम आणि न्यूट्रॉन! नोव्हेंबरात दोघं कोपनहेगनला गुपचूप भेटले, तेव्हा रेडियमचे निष्कर्ष पुन्हा तपासा, असं तिनंच बजावलं. आपल्या भाषेत कोड रिव्ह्यू.

१९ डिसेंबरला हान लिहितो की आमचं 'रेडियम' बेरियमसारखं वागतंय, तूच काहीतरी अफलातून स्पष्टीकरण सुचव. दोन दिवसांत तिचं उत्तर: पटायला अवघड, पण अशक्य म्हणता येणार नाही. नाताळात कोपनहेगनहून भाचा ओटो फ्रिश आला. तोही परदेशात विस्थापितच. कुंगेल्वच्या बर्फात फिरता फिरता मावशी-भाच्यानं कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशोब मांडला. केंद्रक फुटतंय, आणि दर फुटीला सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा!

जानेवारी १९३९ मध्ये हान आणि स्ट्रासमानचा पेपर आला. तिचं नाव नाही. हिटलरच्या जर्मनीत ते छापणं शक्य नव्हतं, हे मला मान्य. पण १९४५ मध्ये? हिटलर तर मेला होता. तेव्हा १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला जाहीर झालं, आणि हा शोध रसायनशास्त्राचाच, असं तो पुढेही म्हणत राहिला. इथे मी सवलत देणार नाही.

मित्राचं म्हणणं, पत्रं खाजगी असतात, पुरावा म्हणजे पेपर. अरे, टीम देशोदेशी पांगली की काम पत्रांतच होतं! आपलंच बघ. रात्री अकराच्या कॉलवर डिझाईन एकाचं ठरतं, सकाळी चेक-इन दुसऱ्याच्या नावानं. लॉग बघून कोणी म्हणेल, ह्यानंच केलं सगळं. (हे माझ्याबरोबर झालंय. असो.)

मित्राला १९ डिसेंबरच्या पत्राचं भाषांतर मेल केलंय. अजून रिप्लाय नाही.