चिमुकल्यांना शिबिरास धाडताना

आता तीन-चार वर्षांच्या बालकांसाठीही उन्हाळी शिबिरे भरू लागली आहेत. पालक टोपी, पाण्याची बाटली, डबा यांची तयारी मनापासून करतात. निरोपाची मात्र करीत नाहीत. मूल खेळात रमले की डोळा चुकवून निघून जाणे, हीच युक्ती सर्रास योजली जाते. आम्हांस ती मान्य नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी ‘आलोच हं’ म्हणून गेलेले वडील थेट दिवाळीला दिसले, हा अनुभव आम्हां माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा आहे. (त्यांचाही नाइलाज होता; परतीची एसटी एकच असे.)

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस काम आरंभले. वस्तीतील मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिबिर अंगणात येणार नसेल, तर मुलाला आधी दोनदा तेथे न्यावे. ताई, नळ, शौचालय दाखवावे. डब्याचे झाकण त्याला स्वतः उघडता येते का, तेही पाहावे. त्या वयाला घड्याळ कळत नाही; म्हणून ‘खाऊ झाला, गोष्ट झाली, की मी येईन’ असे सांगूनच निघावे. रडू येईल, येऊ द्यावे. गोष्ट संपताना मात्र फाटकाशी आपणच उभे असावे.