हलक्या ओझ्याची जोखीम

वजन कमी म्हणजे धोका कमी, असे वर्कशॉपात आणि स्टोअर्स डेपोत सर्रास धरले जाते. क्रेनच्या हुकाला टांगायच्या पॅलेट फोर्कच्या बाबतीत हा समज घातक आहे, हे आम्ही कामगार बंधूंना बजावू इच्छितो.

आपोआप तोल सांभाळणाऱ्या फोर्कला स्प्रिंग असते. पुरेसे वजन आले की ती ताणली जाते, टांगण्याची कडी पुढे सरकून मालाच्या वर येते आणि फोर्कची टोके किंचित उचललेली राहतात. कॉटन वेस्टचे गाठोडे किंवा टपालाच्या रिकाम्या थैल्या ठेवल्या तर स्प्रिंग पुरती ताणली जात नाही. कडी मागेच राहते, टोके झुकतात, माल घसरतो. खाली कोण असतो? खलाशी! बऱ्याच बनावटींत किमान वजन क्षमतेच्या सुमारे 20 टक्के दिलेले असते. म्हणजे दोन टनी फोर्कला 400 किलो. कमाल वजन पाटीवर ठळक असते. किमान वजन माहितीपुस्तिकेत, आणि पुस्तिका साहेबांच्या कपाटात.

हलक्या मालाला कडी हाताने सरकवायचा फोर्क घ्यावा. माल पट्ट्याने फोर्कच्या पाठीशी आवळावा, सुट्या मालाला जाळी लावावी. आधी वीतभरच उचलून टोके पाहावीत; झुकली तर माल खाली घ्यावा. मालाखाली कोणी थांबू नये, हे हलक्या मालालाही लागू आहे.

किमान वजन प्रत्येक फोर्कवर स्थानिक भाषेत रंगवावे, ही मागणी शाखांनी सेफ्टी कमिटीत लावून धरावी. पट्टा आणि जाळी प्रशासनाने पुरवायची आहे. ती नसेल तर सुपरवायझरला लेखी कळवावे व प्रत शाखेकडे द्यावी.