परवाना कागदाला, परीक्षा हाताची

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर त्यात आहेच. पण पकडणे, सापळा लावणे, आमिष ठेवणे, हाकून नेणे, आणि यांपैकी कशाचा नुसता प्रयत्न करणे, हेही त्यात येते. म्हणून बिबट्याला भूल देऊन त्याच्या गळ्यात कॉलर बसवणारा संशोधक कायद्याच्या भाषेत शिकारच करत असतो. त्यासाठी त्याला कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो आणि प्राणी अनुसूची 1 मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही. ही व्याख्या मला योग्य वाटते, कारण पकडल्या जाणाऱ्या जनावराच्या दृष्टीने संशोधक आणि शिकारी यांत त्या घटकेला काहीच फरक नसतो. पण मग पुढचा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा: हे काम करणारा ते कुठे शिकला आणि त्याला ते येते हे कोणी तपासले? त्या कलमात अशी अट नाही. अधिकारी स्वतःहून अटी घालू शकतो, म्हणजे सगळा भार त्याच्या जाणतेपणावर सोडलेला आहे. रानटी जनावर हाताळण्याचे रीतसर शिक्षण आणि त्याची परीक्षा झाल्याशिवाय असा परवाना कोणालाही मिळू नये, असे माझे म्हणणे आहे. त्याचे कारण नुसती भूतदया नाही. हात शिकलेला नसेल तर त्या हाताने गोळा केलेले ज्ञानही खोटे निघू शकते.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूनेच येतो. जनावराच्या सुखदुःखाचा फार विचार करत बसलो तर संशोधन अडेल, असे म्हटले जाते. म्हणजे दया एका पारड्यात आणि ज्ञान दुसऱ्या पारड्यात, अशी कल्पना त्यामागे आहे. पुरावा या कल्पनेच्या विरुद्ध आहे. पेंग्विनांच्या पंखाला ओळखीसाठी धातूची पट्टी बांधण्याची पद्धत कित्येक दशके चालली. दुर्बिणीतून क्रमांक वाचता येतो, पक्ष्याला पुन्हा धरावे लागत नाही, म्हणून ती सोयीची आणि निरुपद्रवी मानली गेली. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे द्वीपसमूहावर फ्रेंच संशोधकांनी 100 राजपेंग्विनांवर दहा वर्षे लक्ष ठेवले. सगळ्यांच्या त्वचेखाली सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खूण होती, पण पट्टी फक्त निम्म्यांना होती. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आला: पट्टी असलेल्यांचे जगण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी कमी आणि त्यांची पिल्ले 39 टक्क्यांनी कमी. पट्टीमुळे पोहताना पाण्याचा अडथळा वाढतो, पक्षी समुद्रावरून उशिरा परततो, अंडी उशिरा घालतो. याचा अर्थ एवढाच नाही की त्या पक्ष्यांचे हाल झाले. अशा पट्ट्यांच्या नोंदींवरून हवामानबदलाचा पेंग्विनांवर होणारा परिणाम मोजला जात होता, आणि त्या आकड्यांत हवामान किती आणि पट्टी किती हे सांगणे अवघड होऊन बसले. उत्तर अमेरिकेतल्या अस्वलांबद्दल 2008 मध्ये असेच दिसले. पकडून सोडलेल्या अस्वलांची हालचाल मंदावते आणि ती पूर्ववत व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात; जी पुन्हा पुन्हा पकडली गेली त्यांची अंगकाठीही तुलनेने उतरलेली होती. कॉलर लावल्यावर पहिल्या महिन्यात मिळालेल्या नोंदींवरून 'अस्वल रोज एवढे चालते' असे जो लिहील, तो धक्का बसलेल्या अस्वलाचे वर्णन करत असेल. तेव्हा हाल कमी करणे हाच अचूकतेचा मार्ग ठरतो. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये पर्याय शोधा, संख्या घटवा, पद्धत सुधारा ही त्रिसूत्री मांडली ती प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी. रानात तिची गरज अधिक आहे, कारण तिथे जनावर सोडून दिल्यावर त्याचे काय झाले हे बहुधा कोणी पाहतच नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा आहे, आणि त्यामागच्या भावनेचा मला आदर आहे. रानातल्या प्राण्याला हात लावण्याचा हक्कच माणसाला नाही, मग शिक्षण कसले द्यायचे? जिथे हात न लावता काम भागते तिथे हे म्हणणे पूर्ण मान्य करावे. वाघाच्या पट्ट्यांवरून त्याला ओळखणारे कॅमेरा ट्रॅप आहेत, विष्ठेतून ताणाची संप्रेरके आणि डीएनए मिळतो. पण सगळे प्रश्न असे सुटत नाहीत. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर बिबट्या बाहेर काढून, जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. 'आजोबा' या नावाने तो पुढे महाराष्ट्रभर ओळखला गेला. सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. बिबट्या उचलून दुसरीकडे नेला की प्रश्न मिटतो ही समजूत त्या चालण्याने हादरली. ती समजूत किती घातक होती हे जुन्नरच्या अभ्यासात आकड्यांनी दिसले होते: 2001 पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. कोकण किनाऱ्यावर अंडी घालून गेलेली ऑलिव्ह रिडले कासवे पुढे कुठे जातात, हेही 2022 मध्ये पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवल्यानंतरच कळू लागले. या ज्ञानाने माणसे वाचतात आणि प्राणीही वाचतात. म्हणून हात लावूच नये असे म्हणणे म्हणजे जुन्नरसारख्या चुका अंधारात चालू ठेवणे. आणि एकदा हात लावायचा ठरला, की तो कसा लावायचा हे शिकणे टाळता येत नाही.

पशुवैद्य बरोबर असतोच, मग जीवशास्त्रज्ञाने हे कशाला शिकायचे, असेही विचारले जाते. पशुवैद्य हवाच. पण भुलीची मात्रा हा कामाचा एक तुकडा झाला. आज ऊन फार आहे, कळप बिथरला आहे, पाणवठा जवळ आहे, तेव्हा डार्ट मारायचाच नाही, हा निर्णय बहुतेक वेळा मोहिमेचा प्रमुख घेतो, आणि तो प्रमुख संशोधक असतो. चितळासारखे भित्रे जनावर पाठलागात किंवा जाळ्यात फार धडपडले तर त्याच्या स्नायूंची झीज सुरू होते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि कधी कधी ते काही दिवसांनी मरते. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या वहीत अशा चितळापुढे 'सुखरूप सोडले' एवढीच नोंद राहते. पुढची देखरेखही संशोधकाकडेच असते. आफ्रिकेतून आणलेले चित्ते जिथे सोडले त्या मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात जुलै 2023 मध्ये दोन नर चित्ते मेले, आणि मानेवरच्या, कॉलरजवळच्या जखमांत किडे पडल्याचे समोर आले. दोष कॉलरखाली साचलेल्या ओलाव्याचा की आफ्रिकेतल्या ऋतूप्रमाणे भारतीय पावसाळ्यात वाढलेल्या दाट केसांचा, यावर वाद झाला. कारण कोणतेही असो, केसांखालची जखम लांबून दिसत नाही, आणि अंग चाटण्याची, मान झटकण्याची बदललेली लकब ओळखणारा डोळा तयार करावा लागतो.

आपल्याकडे हे शिक्षण गुरूच्या हाताखाली होते, त्याला परीक्षेची जोड कशाला, हा आक्षेप मला जवळचा वाटतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली 1959 पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे मोठे काम उभारले, त्यातून अनेक पिढ्यांचे हात घडले. ही परंपरा मोडावी असे कोण म्हणेल? पण गुरूची चूकही शिष्याकडे तशीच जाते, आणि ती चूक होती हे कळायला नोंदी लागतात. अमेरिका व कॅनडातल्या 22 संस्थांनी जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांच्या आपल्या नोंदी एकत्र मांडू दिल्या, तेव्हा इजेचे प्रमाण 0.59 टक्के आणि मृत्यूचे 0.23 टक्के निघाले. आकडा लहान आहे, पण तो जाहीर आहे, म्हणून त्यावर बोट ठेवून तो आणखी खाली आणता येतो. ब्रिटनमध्ये कडी घालणारा नवशिका परवानाधारक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काम करून मगच स्वतंत्र होतो. युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशात तर रानातले प्राणी सक्षम व्यक्तीनेच पकडावेत असे स्पष्ट लिहिले आहे. गुरुपरंपरेला या दोन गोष्टी जोडायच्या आहेत: बाहेरच्या कोणीतरी घेतलेली परीक्षा आणि उघडी ठेवलेली नोंदवही.

सर्वांत कठीण आक्षेप आपल्याच कायद्यातून निघतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या कलम 17 मध्ये म्हटले आहे, की केवळ हाताचे कसब मिळवण्यासाठी प्राण्यांवर शक्यतो प्रयोग होऊ नयेत. त्याच कलमात असेही आहे, की संस्थेबाहेर प्रयोग करणारी व्यक्ती त्या कामासाठी पात्र असावी. मग पात्रता यायची कुठून? शिकण्यासाठी जनावरे छळायची, तर दयेच्या नावाखाली क्रूरताच वाढेल. हा पेच खरा आहे, पण सुटणारा आहे. डार्टचा नेम कापडी लक्ष्यावर बसवता येतो. कॉलर किती घट्ट असावी हे रस्त्यावर मेलेल्या तरसाच्या किंवा बिबट्याच्या शवावर वनखात्याच्या परवानगीने शिकता येते. श्वास, नाडी, अंगाचे तापमान यांवर लक्ष ठेवायला प्राणिसंग्रहालयात उपचारासाठी एरवीही भूल द्यावी लागणारी जनावरे आहेत. शिकणाऱ्याने तिथे उभे राहून नोंदी घ्याव्यात, त्याच्यासाठी वेगळी भूल द्यायची नाही. जिवंत रानटी जनावराला त्याचा हात पहिल्यांदा लागेल तो आधीच मंजूर झालेल्या कामात, जाणत्याच्या शेजारी बसून. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातली विच्छेदने थांबवली, ते चांगलेच झाले. मात्र त्या जागी हाताचे दुसरे शिक्षण पुरेसे आले नाही, आणि जनावर कधी न धरलेला पदवीधर थेट रानात पोचू शकतो.

राहिला खर्चाचा आणि उशिराचा मुद्दा. लहानशा शिष्यवृत्तीवर बेडूक किंवा सरडे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यावर बिबट्याएवढ्या अटी लादू नयेत, हे मी मानतो. जनावर आणि पद्धत पाहून शिक्षणाची पायरी ठरावी. बेडकासाठी एक आठवडा पुरेल. पण बेडकाचे बोट ओळखीसाठी छाटायचे असेल, तर त्याऐवजी पाठीवरच्या ठिपक्यांचे छायाचित्र घेऊन भागणार नाही का, हे त्या आठवड्यात त्याला विचारले गेले पाहिजे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकाने, मोठ्या संस्थेनेही, तीन आकडे द्यावेत: किती धरले, किती जखमी झाले, सोडल्यानंतर महिनाभरात किती मेले. तिसऱ्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहावे लागले, तर पुढच्या हंगामातले पहिले काम ते माहीत करून घेण्याचे असावे, आणि तोवर नवे जनावर धरू नये.